आईच्या ताटातून बाळाच्या छातीपर्यंत

भाचीला पाचवा महिना लागला त्या आठवड्यात ती सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. कळवा ते ठाणे एकच स्टेशन, पण गर्दीच्या लोकलमध्ये पोट सांभाळत यायचं म्हणजे ते एक स्टेशनही लांबच. रिपोर्ट चांगला होता. तिची अडचण वेगळी होती.

"मावशी, बाळ पोटात श्वास घेतच नाही ना? ऑक्सिजन माझ्या रक्तातून जातो. मग 'बाळाच्या फुफ्फुसांसाठीही नीट जेवत जा' असं डॉक्टर का म्हणाल्या?"

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. मी डॉक्टर नाही. तिला त्या दिवशी जे सांगितलं आणि नंतर वाचून जे पक्कं केलं, ते इथे मांडते आहे.

घोडबंदर रोडवरून जाताना टॉवर उभे राहताना दिसतात. आत कुणी राहत नसतं, नळाला पाणी नसतं. पण पाइप कुठून जाणार, किती जाड असणार, हे स्लॅब पडतानाच ठरतं. पझेशन मिळाल्यावर रंग बदलता येतो, टाइल्स बदलता येतात. भिंतीतला पाइप बदलायचा म्हटला की घर फोडावं लागतं. फुफ्फुसांचं असंच आहे. पझेशन जन्माच्या दिवशी मिळतं, पण काम सुरू होतं चौथ्या आठवड्यात, जेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतं कुठे कळत असतं. अन्ननलिकेच्या सुरुवातीच्या भागातून एक बारीकसा कोंब फुटतो. त्याच्या दोन फांद्या होतात, दोनाच्या चार, आणि हे फुटणं चालूच राहतं. सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या सगळ्या फांद्या फुटून झालेल्या असतात. पुढे त्या लांब होतात, रुंद होतात, पण नवी फांदी फुटत नाही. पोट धड दिसायला लागलेलं नसतं आणि श्वासनलिकांचा आराखडा मात्र कायमचा ठरलेला असतो.

त्यानंतर साधारण सव्विसाव्या आठवड्यापर्यंत या फांद्यांच्या टोकांभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जातं. मग टोकं फुगून छोट्या पिशव्या होतात, आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास त्या पिशव्यांमध्ये पडदे येऊन खरे वायुकोश बनू लागतात. हे शेवटचं काम जन्मानंतरही चालू राहतं, पहिली दोन-तीन वर्षं झपाट्यानं आणि नंतर सावकाश. मोठ्या माणसाच्या छातीत साधारण ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर बॅडमिंटनच्या कोर्टापेक्षा थोडीच कमी जागा व्यापतील.

पोटातलं बाळ श्वास घेत नाही हे खरं, पण सराव मात्र करतं. त्याची फुफ्फुसं स्वतःच एक द्रव तयार करतात आणि त्या द्रवानं भरलेली असतात. छाती अधूनमधून हलते, सोनोग्राफीत ते दिसतंही. या द्रवाच्या ताणानंच फुफ्फुसं वाढतात. गर्भजल फार कमी झालं तर फुफ्फुसं लहान राहू शकतात, म्हणून डॉक्टर प्रत्येक वेळी 'पाणी' किती आहे ते मोजतात.

भाचीला पुढचा भाग समजावायला मी दुधाची पिशवी घेतली. रिकामी पिशवी धुऊन ओट्याच्या कडेला वाळत टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती ओली असताना तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना अशा चिकटतात की बोटांनी सोडवाव्या लागतात. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आत घालून चोळलं की तीच पिशवी सहज उघडते. वायुकोश आतून ओले असतात. नुसतं पाणी असतं, तर प्रत्येक उच्छ्वासाला ते असेच मिटले असते आणि प्रत्येक श्वासाला नव्यानं उघडावे लागले असते. ते मिटू नयेत म्हणून फुफ्फुसातल्या खास पेशी साबणासारखं एक द्रव्य बनवतात, त्याचं नाव सर्फॅक्टंट. चोविसाव्या आठवड्याच्या आसपास ते बनायला लागतं, पण पुरेसं व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. कमी दिवसांचं बाळ 'पेटीत' ठेवावं लागतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला. कारण काय ते तेव्हा माहीत होतं. मेरी एलन एव्हरी या डॉक्टरबाईंनी १९५९मध्येच दाखवून दिलं होतं की अशा बाळांच्या फुफ्फुसात हे द्रव्य कमी असतं. इलाज मात्र हातात नव्हता. आज बाळ लवकर येणार असं दिसलं, तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यानं बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. हा शोध न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांचा, १९७२चा.

आता ताटाकडे येऊ.

सर्फॅक्टंटचा नव्वद टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. त्याला लागणारा कच्चा माल, म्हणजे ग्लुकोज, मेदाम्लं आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात भरपूर असणारं कोलीन, आईच्या रक्तातून वारेमार्फत, म्हणजे प्लासेंटामार्फत, येतो. वायुकोशांच्या भिंती ताणून पुन्हा जागेवर येतात त्या इलॅस्टिन आणि कोलाजेन या प्रथिनांमुळे, आणि कोलाजेन घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागतं. सुरुवातीचा तो कोंब फुटायला आणि त्याच्या फांद्या व्हायला अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल लागतं. म्हणजे संबंध आहे, आणि तो थेट आहे. पण लगेच 'अंडी खा, बाळाची फुफ्फुसं मजबूत' असं फॉरवर्ड करायला जाऊ नका. लागणं वेगळं आणि जास्त दिल्यानं जास्त होणं वेगळं. सिमेंट लागतं म्हणून दुप्पट ओतलं तर इमारत दुप्पट उंच होत नाही.

माझ्या मते ताटाचा सगळ्यात मोठा परिणाम कुठल्या एका जीवनसत्त्वातून होत नाही. तो होतो बाळाच्या वजनातून आणि पूर्ण दिवस भरण्यातून. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुइणी जन्मलेल्या बाळांची वजनं वहीत लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर यांच्या गटानं त्या वह्या धुंडाळल्या, साठी-सत्तरीला पोचलेली ती 'बाळं' शोधून काढली आणि त्यांच्या फुंकरीचा जोर, म्हणजे जोरात फुंकल्यावर किती हवा बाहेर पडते ते, मोजला. १९९१मध्ये त्यांनी छापलं की ज्यांचं जन्मवजन कमी होतं, त्यांची फुंकर म्हातारपणीही कमी भरते. सिगारेट आणि उंची यांचा हिशेब करूनही हा फरक उरतो. मेंढ्यांमध्येही हे दिसलं आहे. वारेतून पुरेसं पोषण न मिळालेल्या कोकरांचे वायुकोश संख्येनं कमी होते, हवा आणि रक्तामधला पडदा जाड होता, आणि ती दोन वर्षांची झाली तरी ते भरून निघालं नव्हतं.

दुसरं उदाहरण नेदरलंड्समधलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केली आणि शहरांतल्या माणसांवर दिवसाला हजार कॅलरींहून कमी रेशनवर जगायची वेळ आली. त्या दुष्काळात आईच्या पोटात असलेली माणसं पन्नाशीला आली तेव्हा अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांची तपासणी झाली. गरोदरपणाच्या सुरुवातीला किंवा मधल्या काळात उपासमार झालेल्यांमध्ये श्वासनलिका आवळल्या जाण्याचे आजार अधिक निघाले, साधारण २३ ते २५ टक्के. दुष्काळ न भोगलेल्यांमध्ये ते १७ टक्के होते. गंमत म्हणजे फुंकरीचा जोर मात्र सगळ्यांचा सारखाच भरला. म्हणजे नळ्यांची रुंदी तीच, पण त्या चिडक्या. हे वाचल्यापासून मी 'उपासमार झाली की फुफ्फुस लहान' असं सरसकट सांगत नाही. केव्हा काय कमी पडलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी काही पोटात ठरत नव्हतं म्हणून भाची घाबरली होती. तिला सांगितलं, त्या काळात बाळ फार तर बोटभर असतं, त्याला कॅलरी कितीशा लागणार! त्याला लागतात ती बारीकसारीक द्रव्यं, आणि ती बरीचशी आईच्या आधीच्या साठ्यातून येतात. अ जीवनसत्त्व यकृतात महिनोन्‌महिने साठून राहतं. म्हणून दिवस जाण्याआधीचं जेवण महत्त्वाचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६पासून एक मोठा प्रयोग झाला. त्यात बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. जन्मवजनात सरसकट मोठा फरक पडला नाही. पण दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाणाऱ्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड निघाली, आणि त्यातही हाडकुळ्या नसलेल्या आयांना फायदा जास्त. शिवाय गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालं. मला यातलं हेच जास्त मोलाचं वाटतं. का, ते खाली येतंच आहे.

एकेका जीवनसत्त्वाच्या पुराव्यात सगळ्यात ठाशीव काम नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातलं आहे. तिथे अ जीवनसत्त्वाची तूट होती. नव्वदच्या दशकात तिथल्या काही बायकांना गरोदरपणाआधी, गरोदरपणात आणि नंतरही दर आठवड्याला अ जीवनसत्त्व दिलं, काहींना बीटा कॅरोटीन (गाजर-भोपळ्यातला त्याचा कच्चा अवतार) आणि काहींना नुसती खोटी गोळी. मुलं ९ ते १३ वर्षांची झाल्यावर त्यांची फुंकर मोजली. अ जीवनसत्त्व मिळालेल्या आयांच्या मुलांची फुंकर सरासरी ४६ मिलिलिटरनं जास्त भरली. कटिंग चहाचा अर्धा पेला म्हणा ना! मूल त्या वयात दीड-दोन लिटर हवा फुंकतं, त्या मानानं हे थोडंच. पण मुलांना स्वतःला अ जीवनसत्त्व मिळू लागल्यानंतरही तो फरक टिकून होता, म्हणजे पाया आधीच ठरलेला. बीटा कॅरोटीनवाल्या गटात मात्र फरक दिसला नाही.

हे ऐकून भाचीनं फोनवर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या शोधायला घेतल्या. तो मी तिथेच काढून घेतला. जिथे मुळात तूट आहे तिथे हा फायदा. आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला हेच जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. मुरुमांसाठी मिळणारं आयसोट्रेटिनॉइन हे त्याचंच भावंड, म्हणून ते गरोदर बाईला सक्त वर्ज्य असतं. कलेजीही याच कारणानं जपून. दूध, अंडं, लाल भोपळा, माठ, शेवग्याचा पाला यांतून येणाऱ्या जीवनसत्त्वाची अशी भीती नाही. पावसाळ्यात येऊरच्या आदिवासी बायका स्टेशनजवळ टाकळा, कुर्डू घेऊन बसतात, त्या जुड्या घ्याव्यात, नीट धुऊन, शिजवून खाव्यात.

माशांचा पुरावाही चांगला आहे. २०१६मध्ये डेन्मार्कमधल्या ७३६ गरोदर बायकांवरचा प्रयोग छापून आला. चोविसाव्या आठवड्यापासून रोज माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं दिल्यावर मुलांमध्ये दमा आणि सततची घरघर यांचं प्रमाण १६.९ टक्के राहिलं, दुसऱ्या गटात ते २३.७ टक्के होतं. ज्यांच्या रक्तात आधी ही मेदाम्लं कमी होती, त्यांच्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा. चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगायला डेन्मार्कहून कुणी यायची गरज नाही, असं भाचीचा नवरा म्हणाला. ते अर्धंच बरोबर आहे. तारली आणि बांगडा यांत ही मेदाम्लं भरपूर असतात आणि हे मासे लहान असल्यानं त्यांत पारा कमी साठतो. मुशीसारखे मोठे शिकारी मासे मात्र गरोदरपणात टाळलेले बरे. न खाणाऱ्यांसाठी जवसाची चटणी आहे, अक्रोड आहेत. त्यांतल्या मेदाम्लाचं शरीरात फार थोडंच रूपांतर होतं, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. ड जीवनसत्त्वाकडूनही मोठी आशा होती. अमेरिकेतल्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांमध्ये थोडा फरक दिसला, पण तो ठामपणे म्हणता येईल एवढा नव्हता, आणि सहाव्या वर्षी तोही उरला नाही. हाडांसाठी ते लागतंच, पण दम्याविरुद्धची ढाल म्हणून विकलं जात असेल तर पाकीट आत ठेवा.

आणि साखर. पोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तूटच येते. पण एकाच ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या पाड्यावर हाडं दिसणारी गरोदर बाई आहे आणि शहरातल्या टॉवरमध्ये 'दोन जीवांची आहेस, दोघांचं खा' म्हणून पेढे भरवली जाणारीही. आईची साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड इन्सुलिन वाढवतं, आणि जास्तीचं इन्सुलिन सर्फॅक्टंट बनण्याच्या कामात खोडा घालतं. म्हणून मधुमेही आईचं बाळ चांगलं साडेतीन किलोचं, गुटगुटीत असूनही जन्मल्यावर धापा टाकू शकतं. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते मळमळतं पाणी पिऊन दोन तास बसायला लावतात, ती तपासणी टाळू नये ती यासाठीही.

मग खायचं किती जास्त? आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब आहे की गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एक केळं. बस. प्रथिनं मात्र शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्त लागतात, आणि गाडं अडतं ते तिथेच. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण किलोभर असलेलं बाळ पूर्ण दिवसांपर्यंत तिप्पट होतं. नेमकं तेव्हाच, माझ्या वेळी सासूबाई म्हणायच्या, "सातव्यानंतर बेतानं खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल." मीही ऐकलं. आणि उरलंसुरलं खायची पद्धत तर वेगळी सांगायलाच नको. रात्री साडेनऊला सगळ्यांचं झाल्यावर बाई ताट घेते तेव्हा पातेल्यात आमटीचं पाणी असतं, डाळ वरच्यावर गेलेली असते, आणि पोळी असते सकाळची. या घरात अंडी येत नाहीत असं नसतं. ती डब्यात जातात, नवऱ्याच्या आणि मोठ्या मुलाच्या.

लोहाचं थोडक्यात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. रक्त कमी असलेल्या आईचं बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, आणि त्याचा फुफ्फुसांशी संबंध वर सांगितलाच आहे. सरकारी दवाखान्यातल्या त्या लाल गोळ्या (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) फुकट मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर निम्मी वाया, हे मात्र गोळ्या देताना कुणी सांगतंच असं नाही.

शेवटी धूर आणि तंबाखू, कारण पोषणावर पाणी फिरवणारी गोष्ट तीच. अमेरिकेत गरोदरपणात सिगारेट न सुटलेल्या १७९ बायकांवर एक प्रयोग झाला, तो २०१४मध्ये छापला गेला. त्यांपैकी काहींना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं. त्यांच्या बाळांची फुफ्फुसं जन्मतः जास्त चांगली चालत होती, आणि वर्षभरात घरघर झाली २१ टक्के बाळांना. दुसऱ्या गटात ४० टक्क्यांना. याचा अर्थ आवळा खा आणि ओढत राहा, असा नाही. संशोधकांनीही आधी सिगारेट सोडाच म्हणून सांगितलं होतं. आपल्याकडच्या बायका सिगारेट क्वचित ओढतात, पण मिश्री लावतात. 'दातांसाठी लावते' म्हणणाऱ्या कितीतरी जणींना मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू आहे आणि तिच्यातलं निकोटीन वार ओलांडून बाळाकडे जातं, हे माहीतच नसतं. दाताला मिश्री लावता का, असं कुणी विचारलं तर त्या हो म्हणतील. तंबाखू खाता का, विचारलं तर नाही म्हणतील.

भाचीचा नवरा इतका वेळ ऐकत होता. त्यानं विचारलं, "मावशी, या सगळ्यात माझ्या जेवणाचा काही संबंध?"

"जेवणाचा नाही," मी म्हटलं. "बाल्कनीत उभं राहून ओढतोस, त्याचा आहे. दार उघडंच असतं तुमचं."

तो काही बोलला नाही. भाची मात्र बोलली, "आणि सकाळी चहाबरोबर लाल गोळी हातात देतोस ती आता रात्री दे. कॅल्शियमची मी ऑफिसात डब्यानंतर घेईन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या पिशवीत साबण घालून परत एकदा दाखव ना, याला."

पिशवी तोवर वाळली होती. पुन्हा ओली करावी लागली.